विश्लेषण : सारसोळेतही ‘दिबां’चे नाव का घेतले जाते? जासईचा वकील, पाच वेळचा आमदार आणि साडेबारा टक्क्यांचा हिशेब

नेरुळमधून पाम बीच मार्गाकडे निघाले की सारसोळे लागते. आजूबाजूला सिडकोच्या सेक्टरांतल्या सोसायट्या, मध्ये एकमेकांना खेटून उभी असलेली गावठाणातली घरे आणि रुंद रस्त्याच्या पलीकडे खाडीत उतरणारी जेट्टी. होडीवर जायचे तर गावातल्या कोळ्याला आधी गाड्यांचा हा रस्ता ओलांडावा लागतो. गाव जुने आहे, रस्ता नवा आहे. या दोन वाक्यांत नवी मुंबईचा निम्मा इतिहास येतो. उरलेला निम्मा येथल्या जुन्या घरांत जपून ठेवलेल्या कागदांत सापडतो : जुना सातबारा, भूसंपादनाच्या निवाड्याची नक्कल, वारस दाखला आणि ‘साडेबारा’ची फाइल.

ही ‘साडेबारा’ची फाइल ज्यांच्यामुळे तयार झाली असे येथील आगरी-कोळी माणूस मानतो, ते दि. बा. पाटील सारसोळेचे नव्हते. ते येथून कधी निवडूनही आले नाहीत. सारसोळे ठाणे जिल्ह्यातले. दिबांचे गाव जासई, उरण तालुक्यातले, आणि मतदारसंघ पनवेल. तरीही दिबांचा उल्लेख बेलापूर पट्टीतल्या गावांत ‘आपला माणूस’ असाच होतो. नवी मुंबईच्या विमानतळाला त्यांचे नाव द्यावे म्हणून २०२१ मध्ये माणसे रस्त्यावर उतरली, त्यांत पनवेल-उरणबरोबर ठाणे-बेलापूर पट्टीतील गावेही होती. असे का झाले, हे समजून घ्यायचे तर दिबांची वकिली, विधानसभेतील कारकीर्द आणि जमीन संपादनाचा कायदा एकत्र पाहावे लागतात.

दि. बा. पाटील कोण होते?

दिनकर बाळू पाटील यांचा जन्म १३ जानेवारी १९२६ रोजी जासई येथे झाला. बी.ए., एलएल.बी. झालेल्या या आगरी तरुणाने पनवेलमध्ये वकिली केली आणि शेतकरी कामगार पक्षाचे काम हाती घेतले. त्या काळच्या कुलाबा जिल्ह्यात या दोन गोष्टी फारशा वेगळ्या नव्हत्या. वकिलाकडे येणारा पक्षकार बहुधा कूळ असे, आणि शेकापचा मतदारही कूळच.

या जिल्ह्याला जमिनीच्या भांडणाची मोठी परंपरा आहे. अलिबाग तालुक्यातील चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ ते १९३९ असा दीर्घ शेतकरी संप झाला. खोताची जमीन कसायचीच नाही, असा तो निर्धार होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला आणि १९३७ मध्ये मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले. रस्त्यावरच्या संपाचा विधिमंडळातला मसुदा वकिलाने करायचा, ही पद्धत कोकणात तेव्हापासूनची आहे. पुढे याच जिल्ह्यातून बॅरिस्टर अ. र. अंतुले मुख्यमंत्री झाले. अलिबागचे दत्ता पाटील हेही वकील आणि विधानसभेतील विरोधी पक्षनेते.

दिबा १९५७ मध्ये पहिल्यांदा आमदार झाले. संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनाची ती निवडणूक होती आणि शेकाप हा संयुक्त महाराष्ट्र समितीतील महत्त्वाचा घटक होता. पुढे ते एकूण पाच वेळा विधानसभेवर आणि १९७७ व १९८४ असे दोनदा कुलाबा मतदारसंघातून लोकसभेवर गेले. १९७२ नंतरच्या विधानसभेत विरोधी पक्षनेतेपद त्यांच्याकडे होते. मंत्रिपद मात्र कधी नव्हते. सत्तेच्या खुर्चीत न बसता एवढा परिणाम करून गेलेले आमदार महाराष्ट्रात मोजकेच आहेत, आणि त्यांतले बरेचसे शेकापचे निघतात, ही नोंद येथे करायला हरकत नाही.

१९५७ आणि १९७० या दोन सालांचा संबंध काय?

दिबा विधानसभेत पोहोचले त्याच वर्षी, १ एप्रिल १९५७ रोजी, मुंबई कूळवहिवाट कायद्यानुसार ‘कृषक दिन’ आला. कसणारे कूळ त्या दिवसापासून कायद्याने जमिनीचे मालक मानले गेले. ज्यांच्या आजा-पणजांनी खोताला खंड भरला, त्यांची नावे सातबाऱ्यावर मालक म्हणून चढण्याचा मार्ग मोकळा झाला. अर्थात एका दिवसात काही झाले नाही. खरेदीची किंमत ठरणे, हप्ते भरणे, फेरफार होणे यांत वर्षे गेली. पनवेल, उरण, बेलापूर पट्टीत भातशेती, खाजणे आणि मिठागरे होती. जमिनीचे तुकडे लहान, पण नाव आपले.

जेमतेम तेरा वर्षांनी, फेब्रुवारी १९७० मध्ये, याच पट्ट्यात भूसंपादनाची अधिसूचना आली.

मुंबईची गर्दी खाडीपलीकडे हलवावी, ही कल्पना १९६५ मध्ये चार्ल्स कोरिया, शिरीष पटेल आणि प्रवीणा मेहता यांनी ‘मार्ग’ या नियतकालिकातून मांडली होती. सरकारने ती उचलली. १७ मार्च १९७० रोजी सिडको स्थापन झाली आणि नंतर महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ खाली ती नव्या शहराची विकास प्राधिकरण झाली. क्षेत्र सुमारे ३४४ चौरस किलोमीटर, गावे ९५, तालुके तीन : ठाणे, पनवेल, उरण. सारसोळे या ९५ गावांपैकी एक.

शहराच्या आराखड्यात गावठाणे जागेवरच राहणार होती. शेत, खाजण, मिठागर मात्र सरकारचे होणार होते. म्हणजे घर आपले आणि दाराबाहेरची जमीन सिडकोची. सारसोळेसारख्या गावाची आजची दाटी या एका निर्णयातून आली आहे.

भाव कोणत्या दिवसाचा?

हा सगळ्या प्रकरणातला कळीचा कायदेशीर प्रश्न. दिबांचे वकील असणे येथे उपयोगी पडले आणि वकिलीची मर्यादाही येथेच दिसली.

संपादन झाले ते १८९४ च्या इंग्रजी अमदानीतील भूसंपादन कायद्याखाली. त्याची रचना साधी आहे. कलम ४ ची प्राथमिक अधिसूचना निघते. हरकती ऐकल्या जातात. कलम ६ ची घोषणा होते. शेवटी कलम ११ खाली निवाडा, म्हणजे कोणाला किती पैसे याचा आदेश. भरपाई ठरते ती बाजारभावावर. पण तो बाजारभाव निवाड्याच्या दिवसाचा धरत नाहीत, कलम ४ च्या अधिसूचनेच्या दिवसाचा धरतात.

सरकारचे यामागचे कारण समजण्यासारखे आहे. प्रकल्प जाहीर झाल्यावर भाव चढतो आणि तो चढलेला भाव सरकारने का द्यावा? पण अधिसूचना १९७० ची आणि ताबा १९८० च्या दशकात, असे झाले तर? तोवर वाशीत सेक्टर उभे राहिले होते, खाडीपूल होऊन वाहतूक सुरू झाली होती, सिडको भूखंड विकत होती. शेतकऱ्याच्या जमिनीचा काटा मात्र फेब्रुवारी १९७० वरच अडकलेला. त्या काळच्या कायद्यात घोषणेनंतर निवाडा किती वर्षांत करावा, याचे बंधनच नव्हते. जमीन विकता येत नाही, बांधता येत नाही, आणि पैसेही हातात नाहीत, अशी दहा-पंधरा वर्षे अनेक कुटुंबांनी काढली.

मग न्यायालय होते ना? होते. कलम १८ खाली निवाड्याविरुद्ध दिवाणी न्यायालयात दाद मागता येई आणि नवी मुंबईतील अनेक शेतकऱ्यांनी ती मागितली. वाढीव भरपाईही मिळाली. पण कलम १८ खाली न्यायालय फार तर ‘किती रुपये’ हे ठरवू शकते. ‘या जमिनीवर जे शहर उभे राहणार आहे त्यात आमचा वाटा किती’ हा प्रश्न त्या कलमात बसतच नाही. ज्याला तो विचारायचा आहे त्याला कोर्टाची पायरी उतरून विधानभवनाची चढावी लागते. तेथेही दाद लागली नाही तर रस्ता उरतो. दिबांनी हे तिन्ही मार्ग वापरले. क्रमाने म्हणण्यापेक्षा एकाच वेळी वापरले, असे म्हणणे अधिक बरोबर.

योगायोग असा, की दिबा पहिल्यांदा खासदार होते त्या सहाव्या लोकसभेच्या काळातच ४४ वी घटनादुरुस्ती झाली आणि मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांच्या यादीतून बाहेर गेला. त्यानंतर तो अनुच्छेद ‘३०० क’ खालचा कायदेशीर हक्क राहिला. मोठ्या जमीनदारांपुढे जमीन सुधारणा अडू नयेत, या विचाराचा त्या बदलामागे मोठा वाटा होता. एक-दोन एकरांच्या भातशेतकऱ्याचेही कवच त्यातून पातळ झाले, याची चर्चा त्या मानाने कमी झाली.

जानेवारी १९८४ मध्ये काय घडले?

उरण तालुक्यात सिडकोच्या संपादनाबरोबर न्हावा-शेवा बंदराचाही प्रश्न होता. दिबांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांची मागणी होती एकरी ४० हजार रुपयांची आणि विकसित जमिनीतील वाट्याची. सरकार वसंतदादा पाटील यांचे होते. मागणी मान्य होण्याआधीच पोलीस बंदोबस्तात जमिनीचा ताबा घेण्याची तयारी झाली आणि गावेच्या गावे रस्त्यावर आली. बायका मोठ्या संख्येने होत्या. ही बाब त्या आंदोलनाच्या आठवणींत हमखास येते.

१६ जानेवारी १९८४ रोजी जासईजवळ दास्तान फाटा येथे पोलिसांनी गोळीबार केला. चिर्ल्याचे नामदेव शंकर घरत आणि धुतूमचे रघुनाथ अर्जुन ठाकूर मृत्युमुखी पडले. दुसऱ्या दिवशी, १७ जानेवारीला, पागोटे येथे पुन्हा गोळीबार झाला. त्यात त्याच गावचे कमलाकर कृष्ण तांडेल, महादेव हिरा पाटील आणि केशव महादेव पाटील गेले. शेवटचे दोघे बाप-लेक. दोन दिवसांत पाच शेतकरी. जखमींची संख्या मोठी होती.

या पाच नावांचा उच्चार आजही उरण-पनवेलच्या जवळपास प्रत्येक जमीनविषयक सभेत होतो. दिबांच्या आयुष्यातील सर्वांत अवघड काळही हाच. आंदोलन नेत्याच्या शब्दावर झाले होते आणि गोळ्या गावकऱ्यांनी झेलल्या होत्या. हा हिशेब नेत्याला पैशांत मांडून सोडता येत नाही. पुढची वाटाघाट कितीही ताणली गेली तरी एकरी रकमेवर समाधान मानून दिबा उठले नाहीत, यामागे त्या दोन दिवसांचे ओझे असावे, असे मानायला जागा आहे.

त्याच वर्षी, सप्टेंबरमध्ये, संसदेने १८९४ चा भूसंपादन कायदा बदलला. सक्तीच्या संपादनाबद्दलचा दिलासा, म्हणजे सोलेशियम, १५ वरून ३० टक्के झाला. घोषणेनंतर दोन वर्षांत निवाडा नाही तर संपादन रद्द, असे बंधन आले. जे कोर्टात गेले नाहीत त्यांनाही शेजाऱ्याला मिळालेल्या वाढीव भावाच्या आधारे तीन महिन्यांच्या आत अर्ज करता येईल, असे कलम ‘२८ अ’ आले. ही दुरुस्ती देशभराच्या तक्रारींतून झाली होती, ती जासईमुळे झाली असे म्हणता येणार नाही. पण जासईत जे दुखत होते ते देशात इतरत्रही दुखत होते, एवढे त्यावरून दिसते.

डिसेंबर १९८४ ची लोकसभा निवडणूक इंदिरा गांधींच्या हत्येनंतरची. महाराष्ट्रातील ४८ पैकी ४३ जागा काँग्रेसने जिंकल्या. त्या लाटेत जे पाच जण तगले त्यांत राजापूरचे मधु दंडवते, मुंबईतून दत्ता सामंत, बारामतीतून शरद पवार आणि कुलाब्यातून दि. बा. पाटील होते. शेकापचा तो देशातील एकमेव खासदार. गोळीबाराला वर्षही झाले नव्हते.

साडेबारा टक्के म्हणजे नेमके किती?

६ मार्च १९९० च्या शासन निर्णयाने साडेबारा टक्के विकसित भूखंडाची योजना नवी मुंबईत आली आणि २८ ऑक्टोबर १९९४ च्या शासन निर्णयाने तिची व्याप्ती वाढली. भरपाईची रक्कम वेगळी आणि त्याशिवाय संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतका, रस्ते-गटार-पाणी झालेला भूखंड, असे तिचे सूत्र.

गावच्या मापात पाहू. एक एकर म्हणजे ४० गुंठे. त्याचे साडेबारा टक्के म्हणजे पाच गुंठे. पण त्यातून सार्वजनिक सुविधांसाठी ३० टक्के वजा होतात. म्हणजे एकूण जमिनीचे पावणेचार टक्के गेले, उरले पावणेनऊ. एकरामागे साडेतीन गुंठे, सुमारे ३५४ चौरस मीटर. त्यावर दीड चटई क्षेत्र निर्देशांक मिळतो आणि काही भाग व्यापारी वापरासाठी ठेवता येतो. भूखंड मिळतो तो सिडकोच्या भाडेपट्ट्यावर, ६० वर्षांच्या. मालकीची जमीन देऊन भाडेपट्टा घ्यायचा, ही बाब जुन्या माणसांना आजही पटत नाही. तीस टक्क्यांच्या वजावटीवरची नाराजीही गेलेली नाही.

तरीही साडेतीन गुंठे या कागदावरच्या आकड्याचे महत्त्व मोठे होते. एकरी रक्कम एकदा मिळते आणि संपते. लग्नकार्यात, घर दुरुस्तीत, मोटरसायकलीत. भूखंड शहराबरोबर वाढतो. नेरुळ, सानपाडा, घणसोली, खारघरमध्ये ज्या चार-पाच मजली इमारती ‘साडेबाराच्या’ म्हणून ओळखल्या जातात, त्यांच्या तळाशी असा एखादा शेतकऱ्याचा वाटा आहे. शेतकऱ्याने जमीन घातली, विकासकाने पैसे, आणि सिडकोसह त्रिपक्षीय करार झाला.

येथे गोष्ट गुळगुळीत होत नाही. योजना आणि वाटप यांत बरीच वर्षे गेली. पात्रता यादीत नाव लागायचे तर वारसांची नोंद हवी, मूळ निवाडा हवा, हिस्सेदारांची संमती हवी. एका आजोबाच्या दीड एकरावर पंचवीस वारस निघाले की साडेपाच गुंठ्यांच्या आतबाहेरचा भूखंड आणि पंचवीस सह्या, असे चित्र तयार होते. थांबायची ऐपत नसलेल्यांनी भूखंड मिळण्याआधीच फाइल विकली. दलालांनी ती स्वस्तात घेतली. भूखंड हातात पडला तेव्हा फायदा तिसऱ्याचाच झाला होता. न्हावा-शेवा बंदराच्या प्रकल्पग्रस्तांचे तर आणखी लांबले. बंदर १९८९ मध्ये सुरू झाले. साडेबारा टक्क्यांची इरादापत्रे पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते प्रातिनिधिक स्वरूपात दिली गेली ती ऑगस्ट २०१४ मध्ये.

योजनेत कोण बसले नाही?

सारसोळेसारख्या खाडीकाठच्या गावात हा प्रश्न टाळून पुढे जाता येत नाही. साडेबारा टक्के हे जमिनीचे गणित आहे. सातबाऱ्यावर नाव असेल त्याला ते लागू. पण खाडीत जाळे टाकणाऱ्या कोळ्याचा सातबारा नसतो. त्याची ‘जमीन’ म्हणजे भरती-ओहोटीची जागा, तिवरांतले निवटे-खेकडे, होडी लावायची कड. भराव पडले, सांडपाणी वाढले, मासळी घटली, तरी संपादनाच्या भाषेत त्याचे काही ‘संपादित’ झाले नाही. मिठागरावर मजुरी करणाऱ्याचेही तेच. कुळाची नोंद वेळेत न झालेली कुटुंबे आणि हक्कसोडपत्रावर सही करून मोकळ्या झालेल्या बहिणी, हेही या यादीत येतात.

दिबांचे राजकारण मुळात शेतकऱ्याचे, त्यामुळे लढाईची रेषाही शेताच्या बांधावरून गेली. हा दोष एकट्या त्यांच्या माथी मारणे अन्यायाचे ठरेल, कारण १८९४ च्या कायद्यात भरपाईचा हक्क जमिनीतील हितसंबंधावरच उभा होता. पण फरक पडला हे खरे. एकाच गावात एका आळीत साडेबाराची इमारत आणि दुसऱ्या आळीत फक्त होडी, असे दृश्य त्यातून तयार झाले.

गावठाणाचा प्रश्न त्याहून गुंतागुंतीचा. १९७० नंतर कुटुंबे वाढली, गावठाणाची हद्द वाढली नाही. मुलाचे लग्न झाले, वर मजला चढला. दुसऱ्याचे झाले, शेजारच्या संपादित जागेत खोली उभी राहिली. सरकारी कागदांत हीच ‘गरजेपोटी बांधलेली घरे’ आणि पाडकामाच्या नोटिशीत तीच अनधिकृत बांधकामे. ती नियमित करण्याचे शासन निर्णय २०१० पासून एकापेक्षा अधिक वेळा निघाले, अटी बदलल्या, अंतराच्या मर्यादा बदलल्या. दरम्यान गरजेपोटीच्या घरांच्या आडून भाड्यासाठी उभ्या राहिलेल्या इमारतीही वाढल्या आणि खरी गरज कोणाची हे ठरवणे आणखी अवघड झाले.

या सूत्राचे पुढे काय झाले?

जमिनीच्या बदल्यात फक्त पैसे न देता विकसित जमिनीतील वाटा द्यायचा, ही कल्पना नंतर रुळली. आंध्र प्रदेशात अमरावती राजधानीसाठी २०१५ च्या सुमारास जमीन एकत्रीकरणाची योजना आली, तिचा गाभा हाच. २०१३ च्या नव्या भूसंपादन कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीतही अशीच एक तरतूद आहे : नागरीकरणासाठी जमीन घेतली तर २० टक्के विकसित जमीन प्रकल्पग्रस्त जमीनमालकांसाठी राखून, संपादन आणि विकासाच्या खर्चाइतक्या किमतीला देऊ करायची. हा कायदा १ जानेवारी २०१४ पासून लागू झाला. १८९४ चा कायदा त्या दिवशी गेला. दिबांचे निधन २४ जून २०१३ रोजी झाले. ज्या कायद्याशी ते आयुष्यभर झगडले तो रद्द झालेला पाहायला सहा महिने कमी पडले.

शेवटच्या वर्षांत त्यांची लढाई नवी मुंबई विमानतळाच्या गावांसाठी होती. वय ऐंशीच्या पुढे, प्रकृती साथ देत नव्हती. मधल्या काळात शेकाप सोडून ते शिवसेनेतही गेले होते. जुन्या लाल झेंड्याच्या कार्यकर्त्यांना ते जिव्हारी लागले. प्रकल्पग्रस्तांच्या बैठकीत मात्र पक्ष कोणता, हे कोणी विचारत नसे. सुमारे १,१६० हेक्टरच्या या विमानतळासाठी दहा गावे हलवायची होती. साडेबारावर आणखी दहा, असे एकूण साडेबावीस टक्के विकसित जमिनीचे पॅकेज ठरले, ते त्यांच्या निधनानंतर काही महिन्यांनी, २०१३ च्या अखेरीस.

विमानतळाच्या नावाचा वाद कोठवर आला?

एप्रिल २०२१ मध्ये सिडकोने विमानतळाला शिवसेनाप्रमुख बाळासाहेब ठाकरे यांचे नाव देण्याचा ठराव केला आणि भूमिपुत्रांत असंतोष उसळला. १० जून २०२१ रोजी मानवी साखळी झाली. २४ जूनला, दिबांच्या स्मृतिदिनी, बेलापूरच्या सिडको भवनावर घेराव आंदोलन झाले. करोनाचे निर्बंध असतानाही गर्दी मोठी होती. पुढे २९ जून २०२२ रोजी महाविकास आघाडी सरकारने आपल्या शेवटच्या मंत्रिमंडळ बैठकीत दिबांच्या नावाला मान्यता दिली. नव्या सरकारने जुलैमध्ये तो निर्णय पुन्हा घेतला आणि ऑगस्टमध्ये विधिमंडळाने ठराव करून तो केंद्राकडे पाठवला. जिथे दिबांनी पहिली निवडणूक जिंकून प्रवेश केला होता, त्या सभागृहाने त्यांच्या नावासाठी एकमुखाने बोलावे, यात विरोधी पक्षनेत्याची कारकीर्द आठवणाऱ्यांना थोडे हसूही आले असेल. जिवंतपणी त्यांच्या मागण्यांवर एवढे एकमत क्वचितच दिसले होते.

विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते झाले. भाषणात दिबांचे स्मरण झाले; नावावर केंद्राची मोहोर मात्र त्या दिवसापर्यंत उमटली नव्हती. २५ डिसेंबर २०२५ पासून प्रवासी विमाने उडू लागली.

दर वर्षी १६ आणि १७ जानेवारीला जासई आणि पागोटे येथे हुतात्म्यांना अभिवादन होते. सर्व पक्षांचे नेते येतात, पाच नावे वाचली जातात, आणि मग मागण्यांचे निवेदन तयार होते. विमानतळाचे नाव त्यात आहे. त्याखाली प्रलंबित साडेबारा टक्क्यांचे भूखंड आहेत, आणि गावठाणातली गरजेपोटीची घरे. त्या घरांचा हिशेब बेलापूर पट्टीत होतो तेव्हा सारसोळेचेही नाव येते.